राखणदारानेच बांध कोरू दिला तर?

अमेरिकेत बंदुकीचा आवाज कमी करणारा सायलेन्सर विकत घेणाऱ्या नागरिकाला १९३४ पासून सरकारदरबारी दोनशे डॉलरचा कर भरावा लागत असे. नव्वद वर्षे हा आकडा हलला नाही. ४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी स्वाक्षरी केलेल्या अवाढव्य अर्थविषयक कायद्यातील एका तरतुदीने तो १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आणला. आखूड नळीच्या रायफली आणि शॉटगन यांनाही ही सवलत मिळाली. बंदूकधारकांच्या संघटनांनी विजयोत्सव साजरा करावा असाच हा प्रसंग. प्रत्यक्षात मात्र गावोगावच्या सभासदांत आनंदापेक्षा चीड अधिक दिसली.

चिडीचे कारण साधे होते. प्रतिनिधीगृहाने संमत केलेल्या मसुद्यात सायलेन्सर १९३४ च्या कायद्याच्या कक्षेतून पूर्णपणे बाहेर काढला होता. सिनेटच्या नियम-सल्लागार अधिकाऱ्याने ही तरतूद अर्थसंकल्पीय प्रक्रियेत बसत नसल्याचा निर्वाळा दिला, आणि रिपब्लिकन नेत्यांनी तो निमूटपणे स्वीकारला. कर गेला; नोंदणी, बोटांचे ठसे आणि सरकारी मंजुरीची प्रतीक्षा मात्र राहिली. दोन्ही सभागृहांत बहुमत आपले, राष्ट्राध्यक्ष आपला, तरीही पदरात पडले ते अर्धेच, ही भावना सामान्य सभासदाला अस्वस्थ करून गेली. त्याचा रोष विरोधकांवर नव्हता. विरोधक विरोध करणारच. तो होता आपल्या नावाने वॉशिंग्टनमध्ये वाटाघाटी करणाऱ्यांवर. हा रोष नवा नाही. त्याला जवळजवळ शतकाचा इतिहास आहे, आणि संघटना म्हणजे काय याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने तो अभ्यासण्याजोगा आहे.

शस्त्र आणि नागरिक

भारतीय वाचकाला अमेरिकन माणसाचे बंदूकप्रेम चमत्कारिक वाटते. स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेच्या २०१८ च्या अंदाजानुसार त्या देशात नागरिकांच्या हातातील बंदुकांची संख्या लोकसंख्येहूनही अधिक आहे. तथापि या प्रेमामागे केवळ हौस नाही. ब्रिटिश राजसत्तेविरुद्ध हाती शस्त्र घेऊन स्वतंत्र झालेल्या समाजाने १७९१ मध्ये आपल्या राज्यघटनेतील दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क नोंदवून ठेवला. सत्तेने प्रजेला निःशस्त्र करणे ही गुलामगिरीची पहिली पायरी होय, अशी त्यामागील धारणा.

ही धारणा भारताला सर्वस्वी अपरिचित नाही. १८५७ च्या स्वातंत्र्यसमराने हादरलेल्या इंग्रजांनी १८७८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा आणला. परवान्याविना शस्त्र बाळगणे हा भारतीयांसाठी गुन्हा ठरला. युरोपियनांना मात्र त्यातून सूट मिळाली. हा राष्ट्राचा तेजोभंग आहे, असे त्या काळच्या देशभक्तांना वाटले. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये स्वतःचा शस्त्र कायदा केला, पण परवान्याची पद्धत कायम ठेवली. अमेरिकेतील मोकळीक येथे यावी असे कोणी सुजाण माणूस म्हणणार नाही. प्रश्न येथे बंदुकीचा नाहीच. एखादा समाज ज्या गोष्टीला आपला मूलभूत हक्क मानतो, तिच्या रक्षणार्थ त्याने उभी केलेली संघटना तोच हक्क थोडाथोडा सोडून देऊ लागली तर काय होते, हा खरा प्रश्न आहे.

सिनसिनाटीची रात्र

नॅशनल रायफल असोसिएशनची स्थापना १८७१ मध्ये न्यूयॉर्क येथे झाली. यादवी युद्धात उत्तरेकडील सैनिकांची नेमबाजी किती कच्ची होती हे पाहून व्यथित झालेले विल्यम चर्च आणि जॉर्ज विंगेट हे तिचे संस्थापक. नेमबाजीचे शिक्षण हा मूळ हेतू. राजकारण पुढे आले. १९३४ मध्ये गुंडांच्या टोळ्यांना आळा घालण्यासाठी जेव्हा पहिला मोठा केंद्रीय कायदा आला, तेव्हा असोसिएशनचे अध्यक्ष कार्ल फ्रेडरिक यांनी समितीपुढे साक्ष दिली. हे गृहस्थ नेमबाजीतील ऑलिम्पिक सुवर्णपदक विजेते. सरसकट सर्वांनी शस्त्र घेऊन हिंडावे हे आपल्यालाच मान्य नाही, असे त्यांनी सांगितले. असोसिएशनने खटपट करून पिस्तुले त्या कायद्यातून वगळून घेतली आणि मशीनगनवरील कर व नोंदणी मान्य केली. तडजोडीचा हा पहिला धडा होता.

१९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. मारेकऱ्याने ती रायफल टपालाने मागवली होती, आणि तिची जाहिरात असोसिएशनच्याच ‘अमेरिकन रायफलमन’ या मासिकात छापून आली होती. त्यानंतर टपालविक्रीवर निर्बंध घालण्यास असोसिएशनचे कार्यकारी उपाध्यक्ष फ्रँकलिन ऑर्थ यांनी पाठिंबा दिला. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर १९६८ चा कठोर कायदा आला, तेव्हाही काही कलमांवर नापसंती दर्शवून, एकंदरीत हा कायदा क्रीडापटूंना चालवून घेता येईल अशी भूमिका त्यांनी घेतली. ‘चालवून घेता येईल’ ही भाषा खेड्यापाड्यांतील सभासदाच्या जिव्हारी लागली. त्याच्या दृष्टीने तो क्रीडापटू नव्हता. तो घटनादत्त हक्काचा धनी होता.

१९७५ मध्ये असोसिएशनने कायदेविषयक कामासाठी हार्लन कार्टर यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र शाखा काढली. पण मुख्यालयाचे मन त्या लढाईत नव्हते. पुढच्याच वर्षी अनेक कर्मचाऱ्यांना काढून टाकण्यात आले, कार्टर बाहेर पडले, आणि वॉशिंग्टनमधील कार्यालय कोलोराडोला हलवून शिकार, वनविहार, निसर्गरक्षण अशा निरुपद्रवी कार्यात रमण्याचा बेत आखला गेला.

२१ मे १९७७ रोजी सिनसिनाटी शहरात वार्षिक सभा भरली. एरवी अशा सभा अहवालवाचन आणि टाळ्या यांतच आटोपतात. त्या दिवशी मात्र शिकाऱ्यांच्या नारिंगी टोप्या घातलेले सभासद सभागृहभर पसरले होते. हातातील वॉकीटॉकीवरून ते एकमेकांशी संपर्क ठेवत होते आणि संस्थेच्या नियमावलीचा एकेक नियम त्यांना पाठ होता. हार्लन कार्टर आणि नील नॉक्स हे त्यांचे पुढारी. सभा पहाटे चारच्या सुमारास संपली, तेव्हा जुने पदाधिकारी पायउतार झाले होते, कोलोराडोचा बेत रद्द झाला होता, कार्टर कार्यकारी उपाध्यक्ष झाले होते आणि त्या पदाची निवड सभासदांनी करावी असा नियमही झाला होता. कोणताही हिंसाचार नाही, न्यायालयीन वाद नाही. निष्ठावंत कार्यकर्त्यांनी एका रात्रीत, नियमांच्या चौकटीत राहून, आपली संघटना परत मिळवली. संघटनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात घालावी अशी ही घटना आहे.

बंडखोरच जेव्हा दरबारी होतात

कथा येथे संपली असती तर ती बोधकथा झाली असती. इतिहास सहसा तेवढा सरळ नसतो. सिनसिनाटीच्या बंडाचे दुसरे शिल्पकार नील नॉक्स यांना १९८२ मध्ये खुद्द कार्टर यांनीच दूर केले. नॉक्स फार ताठर आहेत, त्यांच्यामुळे लोकप्रतिनिधी दुखावतात, ही तक्रार. बंडखोराने गादीवर बसताच गादीचा स्वभाव अंगीकारावा, याचे याहून बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

१९८६ मध्ये असोसिएशनने बंदूकधारकांना मोठा दिलासा देणारा कायदा मंजूर करून घेतला. पण शेवटच्या टप्प्यात न्यू जर्सीचे प्रतिनिधी विल्यम ह्यूज यांनी त्यात एक दुरुस्ती घुसवली. १९ मे १९८६ नंतर बनलेली मशीनगन सामान्य नागरिकाला बाळगता येणार नाही, अशी ती दुरुस्ती. ती आवाजी मतदानाने संमत झाल्याचे जाहीर करण्यात आले आणि त्या मोजणीविषयी आजही वाद घातला जातो. असोसिएशनने विधेयक सोडले नाही. विषाचा थेंब पडलेले दूध तसेच पिऊन टाकले. पुढे न्यायालयात पाहून घेऊ, ही आशा. जवळपास चाळीस वर्षे लोटली, ती दुरुस्ती जागच्या जागी आहे.

पुढचे टप्पे याच वाटेने गेले. १९९३ च्या ब्रॅडी कायद्याच्या वेळी असोसिएशनने प्रतीक्षाकाळाला पर्याय म्हणून ग्राहकाच्या पूर्वइतिहासाची तत्काळ पडताळणी करणारी यंत्रणा सुचवली. ही यंत्रणा १९९८ मध्ये सुरू झाली आणि कायमची झाली. १९९९ मध्ये कोलंबाइन शाळेतील हत्याकांडानंतर असोसिएशनचे सर्वेसर्वा वेन लापिएर यांनी बंदूक-प्रदर्शनांतील प्रत्येक विक्रीला ही पडताळणी लागू करण्यास संसदीय समितीपुढे अनुकूलता दाखवली. कालांतराने त्यांनीच त्या कल्पनेला कडाडून विरोध केला. व्हर्जिनिया टेक विद्यापीठातील २००७ च्या हत्याकांडानंतर पडताळणीच्या नोंदी अधिक भक्कम करणारे विधेयक आले. असोसिएशनने त्याला साथ दिली. ‘गन ओनर्स ऑफ अमेरिका’ ही सत्तरच्या दशकात स्थापन झालेली, तडजोड नाकारणारी संघटना मात्र विरोधात उभी ठाकली. मानसिक आघाताचे उपचार घेणारा माजी सैनिक त्यामुळे शस्त्राला मुकेल, हा तिचा आक्षेप होता.

१ ऑक्टोबर २०१७ रोजी लास व्हेगास येथे झालेल्या भीषण गोळीबारात ‘बंप स्टॉक’ नावाचे जोडसाधन वापरले गेले होते. अर्धस्वयंचलित रायफलीला मशीनगनचा वेग देणारे हे साधन. चारच दिवसांत असोसिएशनने अशा साधनांवर अधिक नियंत्रण असावे असे निवेदन काढले. त्यानंतर ट्रम्प प्रशासनाने केलेली बंदी मार्च २०१९ मध्ये अमलात आली; ज्यांनी ती साधने कायदेशीरपणे घेतली होती, त्यांना ती नष्ट करावी किंवा सरकारजमा करावी लागली. पुढे १४ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती बंदी कायद्याच्या शब्दांत बसत नसल्याचा निर्णय दिला. तो खटला टेक्सासमधील एका बंदूक-विक्रेत्याने चालवला होता. ज्यावर बलाढ्य संघटनेने चार दिवसांत पाणी सोडले, ते एका दुकानदाराने पाच वर्षे भांडून परत मिळवले! कार्यकर्त्याच्या मनात याचा जो अर्थ उमटला असेल, तो निराळा सांगावयास नको.

तडजोड कोणाची, कोणाच्या खिशातून?

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला ‘बांध कोरणे’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. शेजारी दरवर्षी नांगरणीच्या वेळी वीतभर बांध कोरतो. दर वर्षी भांडण मिटवताना पंच म्हणतात, वीतभराचाच प्रश्न आहे, शेजारधर्म पाळा. वीस वर्षांनी पाहावे तर पट्टाच्या पट्टा गेलेला असतो, आणि मोबदल्यात शेजाऱ्याने आपली एक वीतही दिलेली नसते. अमेरिकेतील बंदूकधारकांची तक्रार नेमकी हीच आहे. तडजोड म्हणजे दोघांनी काही देणे आणि काही घेणे. ज्या व्यवहारात एकाने केवळ द्यायचे आणि दुसऱ्याने पुढच्या वर्षीपर्यंत थांबायचे, त्याला माघार म्हणतात.

अर्थात, दुसरी बाजू दुर्लक्षून चालणार नाही. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूक शाळेत वीस चिमुरडी आणि सहा प्रौढ मारले गेले. मे २०२२ मध्ये टेक्सासमधील युवाल्डे येथे एकोणीस विद्यार्थी आणि दोन शिक्षिका बळी पडल्या. या मुलांच्या आईवडिलांचा आक्रोश ऐकून ज्याचे काळीज हलत नाही, त्याच्या तत्त्वनिष्ठेला माणुसकीचे अधिष्ठान नाही असेच म्हणावे लागेल. लोकशाहीत सिनेटमध्ये साठ मते जमवावी लागतात, आणि ती घोषणांनी जमत नाहीत, हेही खरे. शिवाय ‘तडजोड नाही’ ही गर्जनाही पुष्कळदा देणग्या गोळा करण्याचे साधन बनते. प्रत्येक पत्रात विश्वासघाताची आरोळी, शेवटी देणगीचा तक्ता, हा उद्योग तिकडे चांगलाच बोकाळला आहे. केवळ मोठ्याने ओरडतो म्हणून कोणी प्रामाणिक ठरत नाही.

तरीही मूळ प्रश्न उरतोच. तडजोड करावी की करू नये, हा प्रसंगाचा विवेक; ती कोणी करावी, हा अधिकाराचा प्रश्न. हक्क सभासदांचा असेल तर त्यावर पाणी सोडण्याचा अधिकारही त्यांचाच. प्रतिनिधी हा विश्वस्त आहे, मालक नव्हे. २०१३ मध्ये मँचिन-टूमी विधेयकाच्या वेळी असोसिएशन पडद्याआड त्या सिनेटरांच्या संपर्कात असल्याचे कळताच गन ओनर्स ऑफ अमेरिकाने आपल्या सभासदांना जागे केले. अखेरीस असोसिएशनने विधेयकाला विरोध केला आणि ते चोपन्न विरुद्ध सेहेचाळीस मतांवर, साठचा आकडा न गाठल्याने, अडकले. विधेयक चांगले की वाईट यावर मतभेद असू शकतात. परंतु आपल्या नावाने काय बोलले जात आहे हे सभासदांना तिसऱ्याकडून कळावे, यात संघटनेचा गौरव खचितच नाही.

लोकप्रतिनिधींनाही हा धडा मिळाला. जून २०२२ मध्ये टेक्सासचे सिनेटर जॉन कॉर्निन, असोसिएशनच्या मूल्यमापनात वर्षानुवर्षे वरच्या श्रेणीत राहिलेले, युवाल्डेनंतरच्या विधेयकाची बोलणी करत होते. असोसिएशनने या विधेयकाला विरोध केला होता. ह्यूस्टन येथील स्वपक्षाच्याच अधिवेशनात कॉर्निन भाषणाला उभे राहिले, तेव्हा प्रतिनिधींनी त्यांची हुर्यो उडवली. ज्या माणसाला संघटनेने उत्तम गुण दिले, त्याच्यावर गुण भरणाऱ्या सभासदांचाच विश्वास उरला नव्हता. पद्धतच खोटी ठरली म्हणावयाची.

मुळाशी लागलेली वाळवी

संघटना आपल्या माणसांपासून दूर कशी जाते, याचे उत्तर अखेर न्यूयॉर्कच्या न्यायालयात मिळाले. वेन लापिएर १९९१ पासून असोसिएशनच्या शिखरावर होते. ऑगस्ट २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्या लेटिशिया जेम्स यांनी निधीच्या गैरवापराबद्दल खटला भरला. जेम्स या डेमोक्रॅटिक पक्षाच्या. असोसिएशनविषयी त्यांचा आकस उघड होता. म्हणून हे सारे राजकीय सूडसत्र आहे, असे पुष्कळांना वाटले. परंतु फेब्रुवारी २०२४ मध्ये सामान्य नागरिकांच्या ज्यूरीने पुरावे पाहून लापिएर यांना दोषी धरले आणि त्रेचाळीस लाख डॉलरहून अधिक रक्कम संस्थेला परत करण्यास सांगितले. खासगी विमानांचे प्रवास, उंची कपडे आणि आलिशान सहली यांच्या कहाण्या खटल्याच्या निमित्ताने जगासमोर आल्या. हा पैसा होता ट्रक चालवणाऱ्याचा, शेतकऱ्याचा, निवृत्त सैनिकाचा. त्याने पोटाला चिमटा काढून भरलेल्या वर्गणीचा. लापिएर यांनी खटला सुरू होण्याच्या तोंडावर, जानेवारी २०२४ मध्ये, राजीनामा जाहीर केला.

विरोधकांनी पन्नास वर्षे प्रयत्न करूनही या संघटनेचे जेवढे नुकसान केले नाही, तेवढे तिच्या कारभाऱ्यांनी केले. सभासद-वर्गणीचे उत्पन्न झपाट्याने घसरले. आणि सिनसिनाटीत सभासदांनी मिळवलेला तो अधिकार? कार्यकारी उपाध्यक्षाची निवड आता पुन्हा संचालक मंडळ करते. मे २०२४ मध्ये डग हॅमलिन यांची निवड त्याच पद्धतीने झाली. कार्यकर्त्याचा हात कारभारावरून निघाला, की वाटाघाटीत तत्त्व आणि खर्चात हिशेब दोन्ही सुटू लागतात. पडद्यामागची तडजोड आणि पडद्यामागचा खर्च ही एकाच रोगाची दोन लक्षणे आहेत.

ही पोकळी भरून काढली ती स्थानिक कार्यकर्त्यांनी. २० जानेवारी २०२० रोजी व्हर्जिनियाची राजधानी रिचमंड येथे, कडाक्याच्या थंडीत, सुमारे बावीस हजार लोक राज्यातील नव्या निर्बंधांविरुद्ध जमले. अनेकांच्या खांद्यावर बंदुका होत्या, पण हिंसा झाली नाही. हा मेळावा भरवला होता ‘व्हर्जिनिया सिटिझन्स डिफेन्स लीग’ या राज्यापुरत्या संघटनेने. विनापरवाना शस्त्र बाळगण्याची मुभा देणाऱ्या राज्यांची संख्या २०२४ मध्ये एकोणतीस झाली. यातील पुष्कळ लढे राज्याराज्यांतील अशाच लहान गटांनी नेटाने चालवले. बलाढ्य मुख्यालयापेक्षा जागा कार्यकर्ता अधिक सामर्थ्यवान ठरतो, याचा हा पुरावा. त्या मुभेचे सामाजिक परिणाम काय होतील हे काळच सांगेल. येथे मुद्दा संघटनेच्या बळाचा आहे.

भारतातील संघटनांनाही यात पाहण्याजोगे पुष्कळ आहे. वर्धा जिल्ह्यातील आर्वीचे सुपुत्र दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघ उभा केला, तेव्हा तो कोणत्याही पक्षाची शेपटी होणार नाही, हे पहिल्या दिवसापासून निश्चित होते. पुढे अटलबिहारी वाजपेयी यांचे, म्हणजे आपल्याच विचारांच्या माणसांचे, सरकार केंद्रात असताना एप्रिल २००१ मध्ये मजदूर संघाने त्याच सरकारच्या आर्थिक धोरणांविरुद्ध दिल्लीच्या रामलीला मैदानावर विराट मेळावा भरवला. स्नेहसंबंध राखले, पण श्रमिकांच्या प्रश्नावर मौन पत्करले नाही. सत्तेशी आत्मीयता आणि सत्तेपुढे शरणागती यांतील अंतर ठेंगडींनी आपल्या आचरणाने दाखवून दिले.

संघटना इमारतीत नसते, पदांत नसते, दरबारातील उठबशीतही नसते. ती असते अनाम कार्यकर्त्याच्या विश्वासात. बांधाची राखण करण्यासाठी नेमलेल्या माणसाने शेजाऱ्याशी गोडीने बोलावे, प्रसंगी दोन पावले मागेही यावे. पण रात्री शेतमालकाच्या दारी येऊन घडले ते स्वच्छ शब्दांत सांगावे, आणि हिशेबाची वही त्याच्यापुढे उघडी ठेवावी. जो राखणदार हे करतो त्याची तडजोडही मालक समजून घेतो. जो करत नाही, त्याला सिनसिनाटीच्या त्या रात्रीसारखी एखादी रात्र केव्हातरी गाठतेच.